डेल्मर योस्टच्या बोटांचे ठसे

डेल्मर योस्टला नात झाली ही बातमी घराबाहेर सगळ्यांत आधी बर्ल केसेकरला कळली, आणि पुढे जो काही घोळ झाला त्याचं मूळ ह्यातच होतं. आधी पाळकांना कळली असती तर त्यांनी प्रार्थना केली असती. समोरच्या ओपल शँबॉला कळली असती तर तिने केक भाजला असता. शेजारच्या बर्लने मात्र गॅरेजचं दार वर ढकललं, भिंतीवरच्या नकाशासमोर उभा राहिला आणि विचारलं, "लेक कुठे असते म्हणालास?"

"न्यू जर्सीत."

बर्लने टोपी काढली. लोक मयताच्या घरी काढतात तशी.

बर्लच्या गॅरेजात गाडी कधीच नसायची, नकाशा असायचा. अमेरिकेच्या त्या नकाशावर त्याने निवृत्तीनंतरची सगळी वर्षं रंगकाम केलं होतं. कपड्याआड पिस्तूल बाळगायचा आपल्या वेस्ट व्हर्जिनियाचा परवाना जी राज्यं मानतात ती हिरवी, जी मानत नाहीत ती लाल, आणि ज्यांचं काही खरं नाही ती पिवळी. न्यू जर्सी एवढीशी आणि बर्लचा हात रागाने जड पडलेला, त्यामुळे तिचा लाल रंग थेट समुद्रात सांडला होता.

"पेनसिल्व्हेनिया आपल्याला मानते," बर्ल म्हणाला. "मेरीलँड कुणालाच मानत नाही. न्यू जर्सी तर विचारूच नकोस. तुझा गाडीचा परवाना मानतील, लग्नाचा दाखला मानतील, उद्या मेलास तर तोही दाखला मानतील. पण कमरेला काही असलं की तू कोण आणि कुठला."

'मग मी ते घरी ठेवून जातो,' असं एखादा शहाणा माणूस म्हणाला असता. डेल्मर शहाणाच होता, पण बर्लच्या गॅरेजात उभं राहून हे वाक्य बोलायची त्याची छाती नव्हती.

इथे डेल्मरच्या बाजूने दोन शब्द सांगायला हवेत. तो काही भांडखोर माणूस नव्हे. जन्मभर गवंडीकाम केलेला, वीट आणि शब्द दोन्ही तोलून मापून ठेवणारा गृहस्थ. इतरांनी घड्याळ बांधावं तसं तो उजव्या कमरेला पिस्तूल बांधायचा आणि ते झाकायला सदरा पँटच्या बाहेर सोडायचा. त्या पिस्तुलाने त्याने आजवर पत्र्याचे डबे पाडले होते आणि एकदा अंगणातल्या सापावर नेम धरला होता. साप सुखरूप गेला, ओपलची झाडांना पाणी घालायची झारी फुटली. त्यानंतर ते कधी बाहेर निघालं नव्हतं. पण ते कमरेला नसलं की आपण घरून निघताना काहीतरी विसरलोय असं डेल्मरला दिवसभर वाटत राही.

त्याची बायको आर्डिथ बाळंतपणासाठी आधीच लेक लिआना आणि जावई नुनो यांच्याकडे, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला, जाऊन राहिली होती. बाप्तिस्म्याचं आमंत्रण द्यायला मात्र लिआनाने स्वतः फोन केला.

"बाबा, इनेश अगदी तुझ्यावर गेलीय. सारख्या कपाळाला आठ्या."

"बिचारी," डेल्मर म्हणाला.

"येतोयस ना? नुनोच्या आईने तुझ्यासाठी खोली लावून ठेवलीय." मग म्हणाली, "आणि बाबा, ते आमच्या घरात नको. भांडत नाहीये मी. फक्त सांगतेय."

"बरं," डेल्मर म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने ह्या बोलण्यावर पुष्कळ विचार केला. घरात नको, असं ती म्हणाली होती. गाडीत नको, असं काही म्हणाली नव्हती. रस्त्यावर नको, चर्चबाहेर नको, हेही नाही. गवंड्याची नजर ती, फट दिसली की आधी तिकडेच जायची.

बर्लला ही फट फारच आवडली. "मग न्यू जर्सीचाच परवाना काढ," तो म्हणाला. "दुसऱ्याचा मानत नाहीत, पण बाहेरच्या माणसाने मागितला तर स्वतःचा देतात. रखडवतात, पण देतात. ह्या रस्त्यावर कुणाकडेच नाहीये, डेल्मर. तू पहिला." ह्या शेवटच्या वाक्याने डेल्मर कामातून गेला.

न्यू जर्सीला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे, हा माणूस सज्जन आहे असं लिहून देणारे, नात्याबाहेरचे चार लोक; दुसरी, त्याच्या दहा बोटांचे ठसे. पहिली गोष्ट अवघड आणि दुसरी सोपी, असा डेल्मरचा समज होता.

बर्लने सज्जनपणाबद्दल तीन पानं लिहिली, त्यातली अडीच नकाशाबद्दल होती. पाळकांनी लिहिलं की मिस्टर योस्ट प्रवचनाला नियमित येतात आणि अत्यंत शांतपणे झोपतात. दाणागोट्याच्या दुकानदाराने नुसतं 'उधारी नाही' एवढंच लिहून सही केली. ओपल शँबॉ मात्र पेन तोंडात धरून बराच वेळ बसली आणि मग लिहिलं की, 'डेल्मर योस्ट तापट नाही, फक्त चिडका आहे. माझी झारी त्याने फोडली, पण नवी आणून दिली, आणि ती आधीच्यापेक्षा बरी निघाली.'

"झारीचं कशाला लिहायचं?" डेल्मर कळवळून म्हणाला.

"खरं आहे म्हणून," ओपल म्हणाली. "माझ्या सहीने खोटं जाणार नाही, सांगून ठेवते."

मग ठसे. त्यासाठी शेरीफच्या कचेरीत काचेचं एक यंत्र होतं आणि यंत्रापाशी डार्लीन नावाची एक बाई. तिने डेल्मरचा अंगठा काचेवर दाबला, बाजूला घेतला, पुसला, पुन्हा दाबला. मग पडद्याकडे पाहत फार अदबीने म्हणाली, "मिस्टर योस्ट, यंत्र म्हणतंय इथे बोटच नाहीये."

"काय नाहीये?"

"गवंडी होतात ना? चुन्या-सिमेंटने होतं असं. सगळ्या रेषा घासून गेल्यात तुमच्या."

डेल्मरने आपली बोटं उजेडात धरून पाहिली. मग मागच्या भिंतीकडे पाहिलं. "ही भिंत कुणी बांधली, ठाऊक आहे?" तो म्हणाला. "ह्याच बोटांनी. आणि त्याच भिंतीच्या आत मला सांगता की बोट नाही."

"भिंत सुंदर आहे," डार्लीन म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली. "पण यंत्राला भिंतीतलं काही कळत नाही. असं करा, थोडे दिवस हातांना मलम लावा. कातडी मऊ झाली की रेषा वर येतात. मग या पुन्हा."

गावात मलमाचं नाव काढलं की ते ओपलकडेच. शेळीचं दूध, मधमाश्यांचं मेण आणि लव्हेंडरची फुलं घालून ती ते स्वतः घोटते. तिने डेल्मरचे हात उलटसुलट करून पाहिले आणि, "अरे देवा, ही तर नुसती कानस आहे," असं म्हणून सबंध बरणीच त्याच्या हवाली केली. सकाळी लावायचं, जेवणानंतर लावायचं, झोपताना लावून वर सुती मोजे चढवायचे. डेल्मर हे सगळं इमानाने करू लागला. दाणागोट्याच्या दुकानात तो शिरला की आधी लव्हेंडरचा वास शिरे आणि मागून तो. "बायको परत आली वाटतं," दुकानदार म्हणायचा, आणि बाकावरचे सगळे खिदळायचे. ज्या माणसाला जन्मात कुणी उगीच हसलं नव्हतं त्याने हे मुकाट्याने सोसलं, कारण त्याला सरकारी काम करायचं होतं.

दुसऱ्या खेपेला यंत्राने चार बोटं ओळखली. तिसऱ्या खेपेला सात. डार्लीन आता त्याच्यासाठी कॉफी तयार ठेवू लागली होती. "आपण जिंकणार आहोत, मिस्टर योस्ट," ती म्हणायची. पण दहाच्या दहा बोटांचे ठसे जाईपर्यंत न्यू जर्सी अर्ज हातात घेणार नव्हती.

दरम्यान तिकडे बाळ काही थांबून राहिलं नव्हतं. लिआनाने बापासाठी बाप्तिस्मा एकदा पुढे ढकलला होता. नुनोच्या आईने मासे सांगून ठेवले होते, ते रद्द करावे लागले, आणि म्हातारी आठवडाभर घुश्शात होती. मग आर्डिथचा फोन आला.

"डेल्मर, पोरगी मान धरायला लागली. हसायला लागली. तुझा परवाना येईस्तोवर ती स्वतः गाडी चालवत तुला न्यायला येईल बघ."

"तीन बोटं राहिलीत," डेल्मर म्हणाला.

आर्डिथ गप्प झाली. ती बोलत असली की डेल्मरला भीती वाटत नसे. "ह्या रविवारी बाप्तिस्मा आहे," ती म्हणाली. "आता पुढे ढकलायचा नाही. लिआना मला काही बोलली नाही. पण काल तिने फोटोंची भिंत लावली. नुनोचे आईबाप इनेशला घेऊन बसलेत, मी घेऊन बसलेय, आणि शेजारी एक चौकट तिने रिकामी टांगून ठेवलीय. एवढंच सांगायला फोन केला."

डेल्मर फोन ठेवून उठला. मग बर्लकडे गेला.

बर्ल म्हणाला, परवाना नाही तर नाही. रिकामं करून, पेटीत घालून, पेटीला कुलूप लावून, डिकीत ठेवून नेलं तर कुणी हरकत घेऊ शकत नाही. प्रश्न फक्त मेरीलँडचा. आपल्या गावाहून उत्तरेला निघालं की पोटोमॅक नदीवरचा पूल ओलांडायचा, पलीकडे मेरीलँडचं हॅन्कॉक गाव, आणि हॅन्कॉक संपतं न संपतं तोच पेनसिल्व्हेनिया लागते. मेरीलँडची रुंदी तिथे दोन मैलसुद्धा भरत नाही. पण त्या टीचभर पट्टीत ती पुरी मेरीलँड असते. म्हणून आपल्याकडची माणसं पुलाअलीकडच्या बंद पेट्रोल पंपापाशी थांबतात, कमरेचं काढून डिकीत कुलूपबंद करतात, दोन मैल जातात, पलीकडे पुन्हा थांबतात आणि पुन्हा कमरेला लावतात. कुणी नातेवाइकाकडे निघालेलं असतं, कुणी दात काढायला. त्या पंपापाशी डिकीत वाकलेली माणसं एकमेकांना मान हलवून नमस्कार करतात.

"किंवा पश्चिमेकडून डोंगरातून वळसा घाल," बर्ल म्हणाला. "मेरीलँड लागतच नाही."

"किती लांबचा वळसा?"

"दिवस जाईल. पण तत्त्व राहील."

डेल्मरने वळसा नाकारला. तेव्हा बर्लने रंगीत तालमीचा आग्रह धरला. शुक्रवारी दोघं मिळून पंपापाशी गेले आणि डिकीत वाकले. डेल्मरचे गुडघे गेलेले, बर्लची कंबर धरलेली, त्यामुळे वाकलेले दोघं तसेच राहिले. पोलिसांची गाडी मागे येऊन थांबली. एका तरण्या शिपायाने अगत्याने विचारलं, "काका, टायर बसलाय का? मदत करू?"

"नाही, नाही," बर्ल डिकीतून म्हणाला. "आम्ही राज्य बदलतोय."

"सावकाश बदला," शिपाई म्हणाला. त्याला हे रोजचंच असावं.

शनिवारी सकाळी डेल्मर एकटा निघाला. मागच्या सीटवर ओपलने नातीसाठी दिलेला सफरचंदाचा मुरंबा होता, पुढे बर्लने हाताने काढलेला रस्त्याचा नकाशा. पंपापाशी तो थांबला, डिकी उघडली, पिस्तूल काढून रिकामं केलं, पेटीत ठेवलं, कुलूप लावलं. इथवर सगळं तालमीबरहुकूम झालं. फक्त तालीम करताना त्याने सकाळचं मलम लावलेलं नव्हतं. किल्ली मऊ, तेलकट बोटांतून सटकली, बंपरवर टणकन वाजली, आणि गटाराच्या जाळीतून पोटोमॅककडे निघून गेली.

दुसरी किल्ली आर्डिथच्या पर्समध्ये होती, म्हणजे न्यू जर्सीत. म्हणजे ही पेटी आता फक्त तिथेच उघडणार होती, जिथे ती उघडायची नव्हती.

डेल्मर बंपरवर बसला. विचार करता त्याच्या लक्षात आलं की हे पिस्तूल आता बर्लच्या नकाशावरच्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल प्रत्येक राज्यातून बिनघोर नेता येईल. इतकं कायदेशीर ते उभ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आणि इतकं निरुपयोगीही. वाटेत काही झालं तर फार तर पेटी उचलून कुणाच्या तरी पायावर टाकता आली असती. तरीही ती न्यावी असं त्याला वाटत होतं, आणि असं का वाटतंय हे त्या पंपापाशी बसल्या बसल्या त्याला प्रथमच स्वतःशी कबूल करावं लागलं. त्याला भीती वाटत होती. चोराची नव्हे, न्यूअर्कचीही नव्हे. लिआना लहान असताना घराची राखण त्याच्याकडे होती. आता लेकीच्या घराला तिचा नवरा होता, कुलपं होती, सासू होती. तिथे राखण काढून घेतली तर उरतो तो नुसता एक म्हातारा, सोफ्यावर बसलेला, ज्याचं तिथे काही काम नाही. त्या म्हाताऱ्याला लेक ओळखेल की नाही, ह्याची त्याला भीती वाटत होती.

समोरच्या डिकीत वाकलेल्या एका माणसाने मान हलवून नमस्कार केला. डेल्मरने मान हलवली, डिकी लावली आणि गाडी घराकडे वळवली.

बर्ल गॅरेजातच होता. "काय विसरलास?"

"हे ठेवून जातोय," म्हणत डेल्मरने पेटी त्याच्या बाकावर ठेवली आणि किल्लीचं सांगितलं.

बर्लने दुःखाने मान हलवली. "किल्ली गेली म्हणून. कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं, गड्या."

सुटायला ही चांगली वाट होती, अब्रू राखून बाहेर नेणारी. डेल्मरने ती थोडा वेळ निरखून पाहिली.

"किल्ली आर्डिथकडे आहे दुसरी," तो म्हणाला. "किल्लीसाठी नाही. लिआना नको म्हणाली होती. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं."

बर्लने नकाशाकडे पाहिलं. "आणि तिथे काही झालं तर? काय करशील तू?"

"इतर आजोबा करतात तेच करीन."

"काय करतात ते?"

"मला कुठे ठाऊक आहे," डेल्मर म्हणाला. "बघून येतो."

बर्लने पेटी उचलून नकाशाखालच्या फळीवर ठेवली, वरची धूळ फडक्याने पुसली. मग डेल्मरकडे वळून म्हणाला, "सदरा आत खोच. रिकाम्या कमरेवर असा लोंबता सदरा बरा दिसत नाही. आणि पोरीचा फोटो आण. इथे लावू."

डेल्मरने सदरा आत खोचला. पट्ट्याचं बक्कल दिसू लागलं तेव्हा त्याला फार उघडं पडल्यासारखं झालं. पुलावरून जाताना तो पंपापाशी थांबला नाही, पलीकडेही थांबला नाही. मेरीलँड कधी आली आणि कधी गेली हे त्याला कळलंसुद्धा नाही, आणि ह्याचं त्याला थोडं वाईटच वाटलं.

न्यूअर्कला पोचायला संध्याकाळ झाली. जिन्यात माशाच्या कालवणाचा वास भरला होता. दार लिआनाने उघडलं. लहानपणापासून ती बापाला मिठी मारायची ती डाव्या बाजूने, कारण उजवीकडे ते टोचायचं. आताही ती सवयीने डावीकडे वळली, आणि तिला खोचलेला सदरा दिसला. नुसता पट्टा, नुसतं पोट. ती फेरा घेऊन उजव्या बाजूला आली आणि तिने बापाच्या कमरेला घट्ट मिठी मारली. डेल्मरला त्या बाजूने माणूस बिलगल्याची सवय नव्हती. तो हात कुठे ठेवावा ते न कळून तसाच उभा राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

आत आर्डिथ बाळाला घेऊन बसली होती. "आली का स्वारी," ती म्हणाली, पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता. नुनोच्या आईने त्याला नखशिखान्त न्याहाळलं, खुर्ची पुढे केली आणि हाताने खूण करून बसायला सांगितलं. मासे दोनदा सांगावे लागल्याचा राग तिने जेवणानंतर काढायचं ठरवलं असावं.

आर्डिथने बाळ पुढे केलं तशी डेल्मरने आजूबाजूला पाहून खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल ओढला आणि तो दोन्ही हातांवर पसरला.

"टॉवेल कशाला?" लिआनाने विचारलं.

"माझे हात, बाळ. तुला घ्यायचो तेव्हाही आई टॉवेल द्यायची. एकदा तुझ्या गालावर ओरखडे उठले होते."

लिआनाने टॉवेल बाजूला केला आणि बापाचा हात हातात घेतला. तळवा चाचपला, मग एकेक बोट. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "काय झालं तुझ्या हातांना?"

"तुझ्या राज्याला माझे ठसे हवे होते," डेल्मर म्हणाला. "यंत्र म्हणालं, बोटंच नाहीत. म्हणून मलम लावत होतो."

"इतके दिवस तू हे करत होतास?"

"मोजे घालून," डेल्मर म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

लिआना हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि नुनोच्या आईने, काय झालं ते न कळताच, तिच्या पाठीवरून हात फिरवला. आर्डिथने बाळ डेल्मरच्या उघड्या हातांवर ठेवलं. इनेशने कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे पाहिलं, त्याने कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे पाहिलं. मग त्याने एक बोट, यंत्राने तीनदा नाकारलेलं, भीतभीत तिच्या गालावरून फिरवलं. गालावर काही उठलं नाही. तिने ते बोट मुठीत धरलं आणि सोडलं नाही.

नुनोने फोटो काढला. डेल्मर काही केल्या हलेना. सगळे जेवायला बसले, वाट पाहू लागले, तरी तो बोट सोडवून घ्यायला तयार नव्हता.

"आर्डिथ," तो शेवटी कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "ओपलला जरा फोन लाव."

"आत्ता? कशाला?"

"म्हणावं, अजून दोन बरण्या घोटून ठेव."